जुन्या घरात थाटलेली रेस्टॉरंटं: गोव्यात कुठे जेवलात? घर कसं राखलंय?

रानजाई

गोव्यात कुठे जेवावं यावर इथे आधी बरंच लिहून झालं आहे. या धाग्यात मला एकाच प्रकाराबद्दल बोलायचंय. पूर्वी राहतं घर होतं आणि आता तिथे रेस्टॉरंट चालतं, अशा जागा. राजवाड्यांची पंचतारांकित हॉटेलं यात नकोत. मुलाबाळांना घेऊन साध्या कपड्यांत जाऊन बसता येईल, मासळीची कढी आणि भात मागवता येईल, अशाच जागा हव्यात. पणजीचं फोंताइन्यश, आसगाव, सासष्टीतली गावं इथे अशी बरीच घरं आहेत.

अशा जागांचा विषय निघाला की कोणीतरी हळहळतं, "एवढं देखणं घर, आणि त्याचं हॉटेल केलं!" मला हे पटत नाही. कौलारू घर बंद ठेवलं की ते टिकत नाही. दर वर्षी पावसाआधी शाकारणी करावी लागते. ती राहिली की एखादं कौल सरकतं, तिथून वाशावर पाणी उतरतं, ओल्या वाशाला वाळवी लागते, आणि एक दिवस छपराचा तेवढा भाग खाली बसतो. त्यानंतर पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर. लोटली, चांदोरच्या बाजूला फिरताना पुढचा बल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा) शाबूत आणि मागे आभाळ उघडं अशी घरं पाहिली की पोटात तुटतं. कोणाच्या तरी जेवणाच्या बिलातून कौलं परतली जात असतील, तर ते घराचं भाग्यच म्हणायचं.

पण सगळी रूपांतरं सारखी नसतात. काही ठिकाणी घर राहतं आणि त्यात लोक जेवतात. काही ठिकाणी दर्शनी भिंत तेवढी ठेवून आत सगळं नवं केलेलं असतं. मी आत शिरल्यावर आधी जमीन आणि छत बघते. चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांची ती रंगीत फरशी तशीच आहे, की वर चकचकीत टाइल्स बसवल्यात? मधल्या भिंती पाडून एकच मोठा हॉल केलाय, की खोल्या खोल्याच आहेत? खोल्या राखल्या तर टेबलं कमी बसतात, वेटरला चार दारांतून ये-जा करावी लागते, धंद्याच्या हिशेबात ते परवडत नाही. तरी ज्यांनी राखल्यात त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

फोंताइन्यशमधलं व्हिवा पणजी हे याचं चांगलं उदाहरण. ३१ जानेवारी रस्त्याच्या आतल्या गल्लीत आहे. खोल्या लहान, आणि बाहेर गल्लीतच भिंतीला लागून काही टेबलं. आपण जेवतोय आणि शेजारच्या घरातल्या बाई वरून बादली सोडून काहीतरी घेतायत, इतकं ते वस्तीतलं आहे. तिथे चिकन काफ्रेयल मागवावं. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं-लसूण, मिरी यांच्या हिरव्या वाटणात मुरवलेलं, तव्यावर कडा थोड्या करपेपर्यंत परतलेलं. हा पदार्थ मोझांबिकहून पोर्तुगिजांबरोबर आला. आणि फोंताइन्यशची वस्ती ज्याच्या माडांच्या बागेत उभी राहिली तो सेकैरा हाही मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेला, म्हणून त्याला मोसमीकार म्हणत. एकाच समुद्रवाटेने आलेला पैसा आणि मसाला एकाच गल्लीत भेटतात, हे मला फार आवडतं.

त्याच रस्त्यावर व्हेनिते. लाकडी जिना चढून वर जायचं. पायाखाली लाकडी तक्तपोशी, भिंतींवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी लिहिलेलं काय काय, आणि रस्त्यावर झुकलेल्या छोट्या गॅलऱ्या, ज्यांत जेमतेम एक टेबल मावतं. ते मिळालं तर दुपार तिथेच काढावी.

आसगावचं गनपावडर वेगळ्या जातीचं. घर जुनं गोंयकारी, पण जेवण केरळ, कूर्ग, आंध्रकडचं. मूळ दिल्लीच्या हौज खासमधलं, नंतर गोव्यात आलं. पुढच्या खोल्यांत कपड्या-पुस्तकांचं दुकान, आणि जेवायचं मागच्या बागेत, झाडांखाली. घराला हात लावायची फारशी गरजच पडत नाही.

तुमचे अनुभव लिहा. जेवणाबद्दल लिहाच, पण घराबद्दलही लिहा. गोव्याबाहेरची उदाहरणं चालतील.

जांभा

रानजाई, जिव्हाळ्याचा विषय. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो म्हणून थोडी भर.

गोव्यातली जुनी घरं जांभ्याची. हा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. त्याला ओल शोषायची आणि सोडायची सवय. त्यावर चुन्याचा गिलावा असला की भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि नंतर सुकते. रेस्टॉरंट करताना घाईत सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक रंग लावतात. पहिली दोन वर्षं भिंत गुळगुळीत दिसते. मग आत कोंडलेलं पाणी वर चढायला लागतं. तुम्ही टेबलावर बसलात की शेजारची भिंत जमिनीपासून कमरेपर्यंत बघा. रंग फुगलेला असेल, बोट लावलं की पापुद्रा निघत असेल, तर समजा की सिमेंट मारलंय. मग ते झाकायला लाकडी पॅनेल ठोकतात, आणि त्याच्या मागे वाळवीला मोकळं रान मिळतं.

दुसरी गोष्ट एसी. या घरांची रचनाच वाऱ्यासाठी आहे. उंच छत, समोरासमोर खिडक्या, कौलांच्या फटींतून वर जाणारी गरम हवा. एसी आला की खिडक्या काचेने बंद होतात, खाली पीओपीचं छत येतं, आणि वरची तुळई कुजतेय हे वर्षानुवर्षं कोणाला कळत नाही. गिऱ्हाईक म्हणून आपण पंख्याखाली बसायला तयार असलो तर मालकावरचा तो दबाव कमी होतो. एप्रिल-मेमध्ये अवघड आहे, मान्य. पण जानेवारीत तरी एसीचा हट्ट नको.

शिंपल्याच्या तावदानांची खिडकी दिसली तर नीट बघून घ्या. काच महाग होती तेव्हा तिच्याऐवजी हे पातळ शिंपले लाकडी चौकटीत बसवत. आतून बघितलं तर उजेड दुधाळ, डोळ्याला न टोचणारा. आता त्या शिंपल्यांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे एक तुटला की तसाच दुसरा आणून बसवणं सोपं नाही. ज्या मालकाने ती खिडकी काढून अॅल्युमिनियमची सरकती लावली नाही, त्याच्याकडे मी एक पदार्थ जास्त मागवतो.

मांडवीकाठ

पणजीचाच आहे. बाहेरून येणाऱ्यांना प्रश्न पडतो की इतकी घरं बंद का. पैसा नाही हे एक कारण झालं, पण मोठं कारण वारसाहक्काचं. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू आहे. मुलगे-मुली सगळ्यांना सारखा वाटा, नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, आणि बापाने मनात आणलं तरी निम्म्या मालमत्तेवरचा मुलांचा हक्क त्याला डावलता येत नाही. मुलींच्या बाबतीत हे फार न्यायाचं आहे, यात शंका नाही. पण तीन पिढ्या गेल्या की एका घराचे वीस-पंचवीस धनी होतात. कोणी लिस्बनला, कोणी टोरांटोत, कोणी स्विंडनला. विकायचं तर सगळ्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या. त्यामुळे घर विकलं जात नाही, दुरुस्तही होत नाही. अशा घराला भाडेकरार हा मधला मार्ग आहे. मालकी आहे तिथेच राहते, कोणाचा हक्क जात नाही, आणि छपराची काळजी भाडेकरू घेतो. आसगावात, शिवोलीत जी रेस्टॉरंटं दिसतात त्यांतली कितीतरी अशी चालतात.

आणखी एक बघा. रेस्टॉरंट झालेली घरं बहुतेक ख्रिस्ती वस्तीतली. राजांगण (मधला चौक) असलेली हिंदू घरं फारच कमी दिसतील. तिथे देव असतात. चवथीला सगळं कूळ त्या घरात जमतं, एरवी वर्षभर कुलूप का असेना. ते घर भाड्याने द्यायचं म्हटलं तर गणपती बसवायचा कुठे? म्हणून ती घरं रेस्टॉरंट होत नाहीत, आणि त्यांचं छप्परही भावकीच्या वर्गणीवरच चालतं.

आता आमची बाजूही ऐका. फोंताइन्यशमध्ये माणसं राहतात. म्हातारी माणसं जास्त. जेवायला येणाऱ्यांचा त्रास नाही, फोटोवाल्यांचा आहे. लोकांच्या दारात, पायरीवर, खिडकीला टेकून फोटो काढतात, लग्नाआधीची शूटिंगं करतात. घराघरांवर "फोटो काढू नका" अशा पाट्या लागल्यात त्या उगीच नाहीत. गाडी शेजारच्या मळा वाड्यात किंवा नदीकडच्या रस्त्याला लावा आणि चालत या. एवढं केलंत तरी खूप.

तिरफळ

मी जेवणावरच लिहिते, कारण घर कितीही छान असलं तरी कढी पांचट निघाली तर माझं मन उडतं.

गोव्याच्या कढीची परीक्षा दोन गोष्टींत होते: नारळ रगड्यावरच्या वाटणासारखा मऊ झालाय का, आणि आंबट कशाचं आहे. बांगड्याला तिरफळ आणि आमसूल हवं. कोळंबीत आंबाडे किंवा बिंबल असलं तर विचारायलाच नको. पर्यटकांसाठी केलेल्या कढीत सरसकट चिंचेचा कोळ आणि वर मलई असते, ती पहिल्या घासाला कळते. आंबोट तीक, म्हणजे आंबट-तिखट कालवण, मोरीचं (लहान शार्क माशाचं) घ्यावं. सोबत पाव न मागता पोई आहे का ते विचारा, कोंड्याची, पोकळ, गरम. पोई सकाळी आणि संध्याकाळी येते, म्हणून दुपारी तीनला ती मऊ असेल अशी अपेक्षा नको.

शाकाहारी लोकांची या घरांत थोडी आबाळ होते हे खरं. पण अळसांद्याचं तोंडाक, खतखतें, मुगागाठी हे मेनूवर असेल तर बिनधास्त मागवा. खतखत्यात तिरफळ नसेल तर तसं सांगून टाका, त्यांना कळू दे. आणि जूनच्या शेवटी गेलात तर आळमी. पहिल्या पावसानंतर वारुळांवर उगवणारी ही रानअळंबी चार दिवसांची पाहुणी असते. त्यांची शाकुती ज्याने खाल्लीय त्याला मटणाची आठवण येणार नाही. महाग असतात, आणि रानातून ओरबाडून काढू नयेत असं मलाही वाटतं, म्हणून एकच वाटी मागवून सगळ्यांत वाटून खावी.

ओसरी

माझा अनुभव कडू आहे. जागेचं नाव लिहीत नाही. उत्तर गोव्यातलं एक मोठं घर, बाहेरून अतिशय देखणं. आईला घेऊन गेलो होतो. बल्कांवाच्या पायऱ्यांना कठडा नाही, आणि पायऱ्या उंच. आत साला (दिवाणखाना) होती तिथे मधल्या दोन भिंती पाडलेल्या. गाणी इतक्या मोठ्याने, की आईशी बोलायला कानाशी तोंड न्यावं लागत होतं. हे सगळं एक वेळ चालवून घेतलं असतं. पण त्या घरातला जो ओरातोर, म्हणजे कुटुंबाचा प्रार्थनेचा कोनाडा, लाकडी कोरीवकामाचा, त्यात दारूच्या बाटल्या मांडून मागून निळे दिवे सोडले होते. आमचा धर्म वेगळा, तरी आई तिथे बसू शकली नाही. "कोणाच्या तरी आजीने इथे रोज तेरेस (जपमाळेची प्रार्थना) म्हटलं असेल," एवढंच म्हणाली. आम्ही सरबत पिऊन उठलो.

कोणाच्या तरी बिलातून कौलं परतली जातात, हे रानजाईचं म्हणणं पटतं. पण कौलं राखून घर राखलं असं होत नाही, हेही म्हणायला हवं.

गिरगावकर

ओसरी, वाचून वाईट वाटलं.

मुंबईत गिरगावातली खोताची वाडी बघा. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभूंच्या जमिनीवर वसलेली, लाकडी जिन्यांची आणि व्हरांड्यांची घरं. तिथलं अनंताश्रम जुन्या लोकांना आठवत असेल. साधी बाकं-टेबलं, फळ्यावर लिहिलेला आजचा मासा, ताटात भात, कढी, तळलेली तुकडी. वेटर फारसं बोलत नसत. मासा संपला की दार बंद. कोणी त्याला हेरिटेज वगैरे म्हटलं नाही. जुन्या घरात जेवायला घालणं हे मुंबईत इतकं रोजचं होतं. ते बंद झालं आणि वाडीतली कितीतरी घरंही एकेक करून गेली, तिथे टॉवर आले. खानावळ चालू असती तर घरं वाचली असती असं मी म्हणणार नाही. पण लोकांना वाडीत यायचं एक कारण कमी झालं, हे खरं.

आता वांद्र्याला चॅपल रोडवर मेरी लॉज नावाच्या बंगल्यात सुबको कॉफीवाल्यांनी जागा केलीय. कॉफीचे दर गिरगावी खिशाला जड आहेत. पण खिडक्या-दारं जागच्या जागी आहेत, यासाठी त्यांना मान देतो.

बडोदेकर

आम्ही बडोद्याचे, म्हणून गुजरातचं उदाहरण. अहमदाबादला लाल दरवाजापाशी, सिदी सैयदच्या जाळीसमोर, मंगलदास गिरधरदास शेठांचं १९२४ सालचं घर आहे. घरच्याच लोकांनी त्याचं हॉटेल केलं, हाउस ऑफ एमजी. गच्चीवर अगाशिये, तिथे गुजराती थाळी. ती महाग आहे, सणावारी जायची. पण खाली ग्रीन हाऊस म्हणून उघड्यावरचं साधं उपाहारगृह आहे. केळीच्या पानात भाजलेली पानकी आणि हाताने फिरवायच्या संच्यातलं आइस्क्रीम खायला कोणीही जाऊ शकतं. रानजाईच्या व्याख्येत ते नक्की बसतं. घरचेच लोक चालवत असले की फरक दिसतो. आजोबांचे फोटो, जुनी भांडी हे सजावटीला विकत आणलेलं नसतं.

पेठकर

पुण्यात असं का होत नाही, हा प्रश्न मला नेहमी पडायचा. मांडवीकाठ यांचा प्रतिसाद वाचून उलगडा झाला. आमच्या पेठांतल्या वाड्यात वारस तर होतेच, पण त्याहून जास्त भाडेकरू होते. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, मालकाला महिन्याला मिळणाऱ्या पैशांत एक वासाही बदलता येईना, आणि भाडेकरूला काढताही येईना. दहा बिऱ्हाडं असलेला वाडा एका रेस्टॉरंटला देणार कसा? त्यामुळे बिल्डर येऊन सगळ्यांना फ्लॅट देणं हाच मार्ग उरला. भाडेकरूंची त्यात चूक नाही, त्यांनाही छप्पर हवंच होतं. पण चौक, हौद, कडीपाटाचं छत असलेल्या वाड्यात बसून थालीपीठ-लोणी खाता येईल अशी एकही जागा शनिवार-नारायण पेठेत उरू नये याचं दुःख होतं.

रानजाई

किती चांगले प्रतिसाद! ओसरी, तुमच्या आईंचं वाक्य मनात राहिलं. तुमचं म्हणणं मान्य करून माझ्या यादीत भर घालते: घरातली देवाची जागा, मग ती कोणत्याही धर्माची असो, त्यांनी कशी ठेवलीय हेही बघायचं. बल्कांवावरच्या सोप्यांवर वाट बघणाऱ्यांना बसू देतात का, हेही. ते बाक गप्पांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठीच बांधलेले आहेत. तिथे "रिझर्व्हड" ची पाटी लावली की मला ते खटकतं.

दक्षिणेकडची एक जागा राहिली होती. केप्याला कुशावती नदीकाठी पालासियो दो देयांव. १७८७ मध्ये चर्चच्या डीननी (वरिष्ठ धर्मगुरूंनी), जुझे पावलो द आल्मेदांनी, बांधलेला वाडा. एका गोमंतकीय जोडप्याने तो मोडकळीला आलेला असताना घेऊन दुरुस्त केला. ते स्वतः घर दाखवतात, आणि आधी कळवलं तर जेवायलाही घालतात. रेस्टॉरंट म्हणता येणार नाही, पण दुरुस्ती किती सावकाश आणि किती प्रेमाने होऊ शकते ते बघायला जाच.

हिरवाचाफा

धागा वाचून फेब्रुवारीत जायचं ठरवतोय. सोबत सासूबाई (गुडघ्यांचा त्रास) आणि चार वर्षांचा मुलगा. वर लिहिलेल्यांपैकी कुठे जावं?

मांडवीकाठ

व्हेनितेला जिना आहे, सासूबाईंना नको. व्हिवा पणजीत बाहेरच्या गल्लीतलं टेबल मागा, दुपारी साडेबाराच्या आत पोचा, नंतर गर्दी होते. मुलाला तिखट नको म्हणून आधीच सांगा, काफ्रेयल हिरवं दिसतं म्हणून सौम्य समजू नका. त्याला काल्दीन द्या, नारळाच्या दुधाचं, पिवळं, भाताबरोबर मुलं आवडीने खातात. आसगावला जाणार असाल तर फोन करून टेबल राखून ठेवा. बागेत जमीन थोडी उंचसखल असते, सासूबाईंना घराजवळचं टेबल द्यायला सांगा.

तिरफळ

आणि फेब्रुवारीच्या शेवटी असाल तर उर्राक आलीय का विचारा. काजूची पहिल्या धारेची, हंगाम संपला की मिळत नाही. सासूबाईंना कोकम सरबत.